पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ
#थ्रेड #इतिहास #महिला_विद्यापीठ

१/ भारतातील विद्यापीठांच्या इतिहासात १९१६ हे वर्ष मोठे गजबजलेले आहे. फेब्रुवारीत वसंत पंचमीला व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते काशीला बनारस हिंदू विद्यापीठाची कोनशिला बसली. जुलैच्या अखेरीस म्हैसूर संस्थानाने आपले विद्यापीठ स्थापन केले. पहिल्याच्या पाठीशी कायदा होता, दुसऱ्याच्या पाठीशी राजसत्ता. या दोन समारंभांच्या मधल्या काळात, जूनच्या आरंभी, पुण्यात आणखी एक विद्यापीठ जन्माला आले. त्याच्यामागे कायदा नव्हता, संस्थान नव्हते आणि भांडवलही जवळजवळ नव्हते. जुलैत वर्ग भरले तेव्हा समोर बसलेल्या विद्यार्थिनी होत्या पाच.

२/ पाच! आज एखाद्या ऐच्छिक विषयाला पाच जणांनी नाव नोंदवले, तर तो विषय त्या वर्षापुरता बंद होतो. येथे पाच जणींसाठी कुलपती, कुलगुरू, अधिसभा, प्रवेश परीक्षा आणि स्वतंत्र पदव्या असा सारा संसार मांडला गेला होता. पुढे हेच विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, म्हणजे आपले एस.एन.डी.टी., म्हणून ओळखले गेले. पण या थ्रेडचा विषय आहे त्याआधीचे आणि त्यानंतरचे एक अवघड प्रकरण: सरकार ज्या पदवीला पदवी मानत नाही, ती मिळवण्यासाठी आयुष्यातली वर्षे कोणी का द्यावीत?

३/ आधी माणूस पाहू. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा. गाव कोकणातले मुरुड. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत राहिले. पहिली पत्नी वारल्यानंतर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या. घरीदारी त्यांना ‘बाया’ म्हणत. मुरुडकरांनी या दांपत्यावर बहिष्कार घातला. एका विवाहाने एका विधवेचा प्रश्न सुटतो, बाकीच्यांचे काय, या विचारातून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम उभा राहिला.

४/ प्लेगच्या धास्तीने १९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर, हिंगण्याला गेला. जमीन रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेली. त्या काळचे हिंगणे म्हणजे शहरापासून सुमारे चार मैलांवरचा माळ. कॉलेजातले तास आटोपले की कर्वे तेथे पायी जात आणि आश्रमाला लागणारे सामान बरोबर नेत. आज पुण्याचा जो रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो, तो त्याच दिशेने जातो. बसमध्ये बसून त्या वाटेने जाताना चार मैलांचा हिशेब एकदा मनात करून पाहावा.

५/ १९०७ मध्ये अविवाहित मुलींसाठी महिला विद्यालय निघाले आणि १९०८ मध्ये आजन्म सेवेची शपथ घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी निष्काम कर्म मठ. ही साखळी ध्यानात घ्यावी. आश्रम, शाळा, शिक्षक मिळवून देणारी संस्था आणि मग विद्यापीठ. विद्यापीठाची वीट अशी वीस वर्षे भाजली जात होती. हवेतून कल्पना आली आणि संस्था उभी राहिली, असे झालेले नाही.

६/ तरीही ‘विद्यापीठ’ हा शब्द मात्र एका टपालातून आला. काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त जपानला जाऊन आले होते. टोकियोतील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांनी कर्व्यांकडे धाडली. जिन्झो नारुसे यांनी ती संस्था १९०१ मध्ये स्थापन केली होती. कर्व्यांनी पुस्तिका चाळली आणि बाजूला ठेवली. पुढे डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणाला विषय हवा होता. बाजूला ठेवलेली पुस्तिका तेव्हा पुन्हा हाती आली, आणि अध्यक्षीय भाषणात भारतीय महिलांच्या स्वतंत्र विद्यापीठाची योजना मांडली गेली.

७/ येथे एक गंमत आहे. टोकियोची ती संस्था नावाने विद्यापीठ होती. जपानच्या कायद्याच्या दृष्टीने नव्हती. १९०४ पासून तिला विशेष शिक्षण देणाऱ्या उच्च शाळेचा दर्जा होता. कायदेशीर विद्यापीठ ती झाली १९४८ मध्ये. म्हणजे ज्या नमुन्यावर कर्व्यांनी आपला आराखडा बेतला, तो नमुनाही सरकारी शिक्क्याची वाट पाहत उभा होता. दोन देशांतल्या दोन संस्थांनी आधी नाव धारण केले आणि नंतर अनेक दशके त्या नावाला साजेसे होण्यात घालवली.

८/ आता खरा प्रश्न. स्त्रियांना मुंबई विद्यापीठाची दारे १८८३ पासून उघडी होती. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्याच डेक्कन कॉलेजातून शिकून १८८० च्या दशकात पदवीधर झाल्या. फर्ग्युसनमध्येही मुली येत होत्या. मग वेगळे घर कशाला? कर्व्यांचे उत्तर असे होते: दार उघडे आहे हे खरे, पण उंबरठा फार उंच आहे. सगळे शिक्षण इंग्रजीतून. मॅट्रिकपर्यंत पोहोचायचे तर बालपणापासून अखंड शाळा हवी. ज्या समाजात मुलीचे लग्न दहाव्या-बाराव्या वर्षी होते आणि वैधव्य आले तर शाळेची पाटी विसाव्या वर्षी हाती येते, तेथे हा उंबरठा किती जणी ओलांडणार?

९/ म्हणून नव्या विद्यापीठाने दोन गोष्टी बदलल्या. पहिली, माध्यम. शिक्षण विद्यार्थिनीच्या मातृभाषेतून. इंग्रजी हा एक विषय म्हणून सक्तीचा. उस्मानिया विद्यापीठाचे उर्दू माध्यम १९१८ नंतरचे. म्हणजे उच्च शिक्षणाचे वर्ग मराठीतून चालवण्याचा हा प्रयोग भारतातील आरंभीच्या प्रयोगांपैकी एक ठरतो. महाविद्यालयीन विषयांची मराठी पाठ्यपुस्तके तेव्हा जवळजवळ नव्हती. ज्ञानभाषा म्हणून मराठीविषयी आज आपण परिसंवाद भरवतो; तेथे शिक्षकांना दुसऱ्या दिवशीच्या तासाला पारिभाषिक शब्द लागत असे.

१०/ दुसरी गोष्ट, अभ्यासक्रम. गृहव्यवस्था आणि आरोग्यशास्त्र यांना मानाचे स्थान मिळाले. आणि गणित ऐच्छिक झाले. वाक्य पुन्हा वाचा. ज्यांनी आयुष्याची तेवीस वर्षे गणित शिकवले, त्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यापीठात गणिताची सक्ती ठेवली नाही. पहिले कुलगुरू होते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ मध्ये सर्वप्रथम आलेले पहिले भारतीय. दोन गणितज्ञांच्या विद्यापीठात गणिताला सूट! पहिले कुलपती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर मात्र आपल्या विषयाबाबत निश्चिंत असावेत. संस्कृतला तेथे जागा होती.

११/ या निर्णयावर टीका झाली आणि ती गैरलागू नव्हती. बायकांना ‘बायकी’ अभ्यासक्रम दिला की त्यांना स्वयंपाकघरातच ठेवण्याची सोय होते, हा आक्षेप. त्याला पार्श्वभूमीही होती. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, निघाले तेव्हा ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी तेथल्या इंग्रजी वळणाच्या अभ्यासक्रमावर झोड उठवली होती. मुलींना संसाराला उपयोगी पडेल तेवढेच शिकवावे, असा त्या टीकेचा रोख होता. मग तीस वर्षांनी एक सुधारक उठून स्त्रियांचा अभ्यासक्रम वेगळा हवा म्हणतो, तेव्हा सुधारकांच्याच गोटात भुवया उंचावणार, हे उघड आहे.

१२/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे सावध व्हावे. दोन माणसे एकच वाक्य उच्चारतात, म्हणून ती एकाच बाजूची होत नाहीत. ‘अभ्यासक्रम वेगळा हवा’ हे वाक्य एका पक्षाने शिक्षणाला कुंपण घालण्यासाठी वापरले. कर्व्यांनी ते शिक्षणाची पायरी खाली आणण्यासाठी वापरले, जेणेकरून जी कधीच आत आली नसती ती आत यावी. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही: बहुसंख्य स्त्रिया पत्नी आणि माता होणार, हे गृहीतक त्यांच्या योजनेच्या मुळाशी होते. त्या गृहीतकाचा हिशेब आपण आज मागितलाच पाहिजे. तो मागताना त्या पाच जणींच्या पुढ्यात दुसरे कोणते पर्याय होते, तेही पाहिले पाहिजे.

१३/ महात्मा गांधींची प्रतिक्रिया तर फारच बोलकी. मातृभाषेतून शिक्षण ही कल्पना त्यांना मनापासून पटली. इंग्रजी सक्तीचे असणे मात्र पटले नाही. मतभेद असूनही कर्व्यांविषयीच्या आदरापोटी त्यांनी वर्षाला दहा रुपये वर्गणी मान्य केली. एका बाजूला इंग्रजी कमी पडते म्हणून नाराज असलेले, दुसऱ्या बाजूला इंग्रजी जास्त होते म्हणून नाराज असलेले. मध्ये हिंगण्याच्या माळावर पाच विद्यार्थिनी पुस्तके उघडून बसलेल्या.

१४/ वर्गणीचा उल्लेख आला म्हणून थोडे कारभाराविषयी. सरकारी सनद नव्हती, तेव्हा विद्यापीठाला अधिकार कोणी दिला? लोकांनी. वर्षाला थोडीशी रक्कम भरणारे वर्गणीदार आणि पदवीधर यांचे मतदारसंघ केले गेले आणि त्यांतून अधिसभा निवडली गेली. कर्वे झोळी घेऊन गावोगाव फिरले. सर्वसाधारण विद्यापीठ सरकारच्या दप्तरात जन्मते आणि मग लोकांपर्यंत जाते. हे उलट्या वाटेने आले. चार-चार, पाच-पाच रुपयांच्या पावत्यांवर उभे राहिलेले विद्यापीठ, असे त्याचे वर्णन केले तर वावगे ठरू नये.

१५/ पदव्यांची नावे पाहा, मोठी सुंदर आहेत. बी.ए.च्या जागी ‘गृहीतागमा’, म्हणजे जिने विद्या ग्रहण केली ती. एम.ए.च्या जागी ‘प्रदेयागमा’. आता विद्या देण्याची पाळी तिची. आद्याक्षरे जी.ए. आणि पी.ए. दोन्ही शब्द मुळातच स्त्रीलिंगी. इतर विद्यापीठांत शिकलेल्या स्त्रीला ‘बॅचलर’ ही पदवी मिळे, आणि त्या शब्दाचा रोजचा अर्थ अविवाहित पुरुष! विवाहितेलाच काय, विधवेलाही तो शब्द नावापुढे मिरवावा लागे. मराठी मुलखातल्या या छोट्या विद्यापीठाने निदान शब्द तरी तिच्या मापाचा शिवला. ब्रीदवाक्यही तसेच: संस्कृता स्त्री पराशक्तिः.

१६/ शब्द सुंदर होते, बाजारात त्यांचे मोल मात्र कमी होते. जी.ए. झालेल्या मुलीची पदवी सरकारी नोकरीच्या दृष्टीने बी.ए.च्या तोडीची धरली जात नसे. ज्या शिक्षणाच्या शेवटी सरकारमान्य नोकरी नाही, तेथे आईबाप मुलीला कशाला घालतील? विद्यार्थिनींची संख्या आरंभी रोडावलेली राहिली याचे हे एक मोठे कारण. कला शाखेतल्या प्रत्येकाला ‘पुढे काय?’ हा प्रश्न ठाऊक आहे; मलाही सणासमारंभाला तो न चुकता विचारला जातो. त्या मुलींना विचारला जाणारा ‘पुढे काय?’ आपल्याहून कितीतरी पट धारदार होता. आपल्या पदवीला निदान शिक्का तरी आहे.

१७/ १९२० मध्ये पैशाची चणचण एका देणगीने हलकी झाली. मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी जपानच्या प्रवासात ते महिला विद्यापीठ पाहिले होते. त्यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्के व्याजाने वर्षाला ५२,५०० रुपये. आईचे नाव विद्यापीठाला द्यावे, मुख्य ठाणे पुढे मुंबईस हलवावे, आणि सरकारी मान्यता मिळेपर्यंत मूळ रक्कम हाती न देता केवळ व्याज द्यावे, अशा अटी होत्या. १९२२ मध्ये सर विठ्ठलदास वारले. पुढे अटींवरून देणगीच्या विश्वस्तांशी वाद झाला, वार्षिक रक्कम काही काळ थांबली, आणि अखेर तडजोड झाली. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य कार्यालय मुंबईला गेले.

१८/ मोठ्या देणगीची गोष्ट सगळे सांगतात. पार्वतीबाई आठवले यांची थोडी कमी सांगितली जाते. त्या आनंदीबाईंच्या भगिनी, स्वतः विधवा, आश्रमासाठी वर्षानुवर्षे निधी गोळा करणाऱ्या. इंग्रजी येत नव्हते. ते शिकावे आणि संस्थेसाठी काही मिळवावे म्हणून वयाची चाळिशी उलटल्यावर, १९१८ मध्ये, त्या अमेरिकेला निघाल्या. तेथे पोटासाठी लोकांच्या घरी कामे केली. १९२० मध्ये परतल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ चे. विद्यापीठाचे ‘अर्थसाहाय्य’ या कोरड्या शब्दामागे परक्या देशात भांडी घासणारे दोन हात आहेत, हे विसरू नये.

१९/ आणि आनंदीबाई? त्यांचे ‘माझे पुराण’ अवश्य वाचावे. संस्थेला सर्वस्व देणाऱ्या पुरुषाच्या घरात चूल कशी पेटते, ते त्यात कळते. कर्वे घरचा पैसा संस्थेकडे वळवत राहिले. ओढाताण सोसली बायांनी. आपण सुधारकांचे पुतळे उभारतो तेव्हा त्यांच्या घरातल्या हिशेबाच्या वहीला जागा ठेवत नाही. स्त्रीशिक्षणाच्या या इतिहासात एका स्त्रीच्या संसाराची किंमतही मोजली गेली आहे.

२०/ आता फलिताकडे येऊ. ‘केसरी’चे संपादक न. चिं. केळकर यांची कन्या कमलाबाई देशपांडे या विद्यापीठाच्या जी.ए. झाल्या. ज्या पत्राने एकेकाळी मुलींच्या अभ्यासक्रमावर टीकास्त्र सोडले होते, त्याच पत्राच्या संपादकाची मुलगी! हीच बिनशिक्क्याची पदवी घेऊन त्या युरोपात गेल्या आणि प्राग येथील विद्यापीठाच्या पीएच.डी. होऊन आल्या. प्राचीन भारतातील बालजीवनावर त्यांनी ग्रंथ लिहिला. पुढे विद्यापीठाच्या पुण्याच्या महाविद्यालयात प्राचार्य झाल्या. ‘गृहीतागमा’ आणि ‘प्रदेयागमा’ या दोन शब्दांचा अर्थ एकाच आयुष्यात पाहायचा असेल, तर त्यांचे ‘स्मरणसाखळी’ हे आत्मकथन हाती घ्यावे.

२१/ इरावती कर्वे यांचे उदाहरण दुसऱ्या दिशेचे. त्या कर्व्यांच्या सूनबाई. त्यांचे स्वतःचे शिक्षण मात्र फर्ग्युसन, मुंबई विद्यापीठ आणि बर्लिन असे झाले. १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी सासऱ्यांच्या विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले आणि नंतर डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांचे दालन उभे केले. म्हणजे कर्व्यांच्या घरातच दोन्ही वाटा नांदत होत्या. ज्या मुलीला मुख्य रस्त्याने जाता येते तिने खुशाल जावे. जिला तो रस्ता बंद आहे तिच्यासाठी पायवाट असावी. पायवाटेला हिणवणारे बहुधा मुख्य रस्त्यावर जन्मलेले असतात.

२२/ या पायवाटेवर कोण चालले आणि कोण चालू शकले नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे. कर्व्यांचा आश्रम आरंभीची अनेक वर्षे उच्चवर्णीय, मुख्यतः ब्राह्मण विधवांपुरता होता. त्याच पुण्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली होती, आणि १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला होता. त्या परंपरेच्या तुलनेत हिंगण्याचे कुंपण अरुंद होते. कर्व्यांनी उत्तरायुष्यात, १९४४ मध्ये, समता संघ काढला. तो उशिरा आला, हे खरे. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी आला, हेही खरे.

२३/ १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, कर्वे जगाच्या प्रवासाला निघाले. युरोपातील शैक्षणिक परिषदांत आपल्या छोट्या विद्यापीठाविषयी बोलले, बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांना भेटले, अमेरिका पाहिली. परतीच्या वाटेवर टोकियो होते. चौदा वर्षांपूर्वी टपालाने आलेल्या पुस्तिकेतले विद्यापीठ त्यांनी आता प्रत्यक्ष पाहिले. ती पुस्तिका धाडणाऱ्या शिवप्रसाद गुप्तांनीही दरम्यान स्वस्थ बसून राहणे पसंत केले नव्हते. १९२१ मध्ये त्यांनी असहकाराच्या लाटेत काशी विद्यापीठ स्थापन केले. तेही सरकारी शिक्क्याशिवाय. एक पुस्तिका, दोन विद्यापीठे.

२४/ शिक्का शेवटी आला. १९४९ मध्ये मुंबई विधिमंडळाने कायदा केला आणि १९५१ मध्ये महिला विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला. लेडी प्रेमलीला ठाकरसी पहिल्या वैधानिक कुलगुरू झाल्या. स्थापनेपासून पस्तीस वर्षे उलटली होती. पहिल्या तुकडीतली मुलगी तोवर पन्नाशी ओलांडून गेली असणार. कर्व्यांना ते पाहायला मिळाले; १९५८ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्नही मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले.

२५/ मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? मान्यता नसलेली पदवी कोणी का घ्यावी? पस्तीस वर्षे मुली ती घेत राहिल्या, हेच त्याचे उत्तर. त्या शिकल्या, त्यांनी शाळा चालवल्या, दुसऱ्या मुलींना शिकवले, आणि सरकारला एके दिवशी कागदावर लिहावे लागले ते आधीच घडून गेलेले होते. संस्थेची थोरवी आपण क्रमवारी, श्रेणी आणि नोकऱ्यांच्या आकड्यांनी मोजतो. मोजावी, आकडे निरुपयोगी नसतात. पण १९१६ च्या जुलैत ती फूटपट्टी लावली असती, तर या विद्यापीठाला शून्य गुण मिळाले असते आणि ते दुसऱ्या दिवशी बंद झाले असते. लहान संस्थेला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ कोणाच्या तरी आयुष्यातून कापून घ्यावा लागतो.

२६/ शेवटी एक विनंती. तुमच्या घरात जुनी ट्रंक असेल, तीत आजीची किंवा पणजीची कागदपत्रे असतील. नावापुढे ‘जी.ए.’ अशी दोन अक्षरे दिसली, तर ती कोणाची आद्याक्षरे आहेत असे समजून पुढे जाऊ नका. ती पदवी आहे. प्रमाणपत्र, वसतिगृहातले पत्र, वर्गाचे छायाचित्र, वहीचे एखादे पान, जे असेल त्याचे नीट छायाचित्र काढून ठेवा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्यामागची गोष्ट लिहून घ्या. अधिसभेचे ठराव दप्तरात जपले जातात. वर्गात बसलेल्या मुलींना काय वाटत होते, ते मात्र अशाच ट्रंकांमध्ये पडून आहे.

थ्रेड समाप्त. दुरुस्त्या, भर आणि घरच्या आठवणी यांचे खाली स्वागत आहे.